वहिवाटीचा हक्क

आमचे शेजारी गेली बावीस वर्षे फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की रविवारी सकाळी बुटीबोरीहून नागपुरास जातात. तेथे त्यांचे कोणी आप्त नाही, कोर्टकचेरीचे काम नाही, आणि देवदर्शनाची ओढ तर त्यांना कधीच नव्हती. ते जातात एका फुटबॉल क्लबाचा सामना पाहावयास. पूर्वी वर्धेकडून येणाऱ्या पॅसेंजरने जात. आता खापरीपर्यंत बसने आणि तेथून पुढे मेट्रोने जातात. वाटेत जामठ्यास क्रिकेटचे भव्य क्रीडांगण लागते, परंतु तिकडे ते मान वळवून पाहातही नाहीत. क्लबाचे नाव मी येथे देत नाही. ते दिल्याने या लेखाला काही लाभ व्हावयाचा नाही, आणि शेजाऱ्यांना मात्र उपद्रव होईल.

क्लब तसा लहानच. एके काळी त्याने गावातले दोन-तीन चषक मिळविले होते. त्या चषकांच्या आठवणीवर मागील पिढीचे आयुष्य गेले. त्या क्लबाचे खरे भूषण निराळेच होते. सकाळी साडेसहाच्या सुमारास मैदानाच्या मागच्या बाजूस आठ-दहा वर्षांची पोरे जमत, आणि क्लबातलाच कोणी निवृत्त खेळाडू त्यांना चेंडू कसा अडवावा, कसा पुढे द्यावा हे शिकवी. त्या पोरांतून दर चार-दोन वर्षांनी एखादा मोठ्या संघात दाखल होई. मध्यंतरी कार्यकारी मंडळ बदलले. नव्या मंडळींनी हिशेब केला की पोरे वाढविण्यास दहा वर्षे लागतात आणि तयार खेळाडू एका हंगामापुरता विकत मिळतो. सकाळचा वर्ग बंद झाला, परगावचे खेळाडू आले, आणि गंमत अशी की क्लब पूर्वीपेक्षा अधिक हरू लागला.

गेल्या श्रावणात लागोपाठ चौथा सामना हरून (म्हणजे क्लब हरून; पण त्यांच्या तोंडी तो भेद नसे) आमचे शेजारी परत आले आणि सरळ आमच्या ओट्यावर येऊन बसले. तासभर त्यांनी कार्यकारी मंडळाचा, शिक्षकाचा आणि त्या भाडोत्री खेळाडूंचा उद्धार केला. "हरण्याचे मला दुःख नाही हो," ते म्हणाले, "हरण्याची आपल्याला सवय आहे. पण क्लबाला आता दिशाच उरली नाही." त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या होत्या. त्या दारातच उभ्या राहून ऐकत होत्या. मग अगदी सहज म्हणाल्या, "अहो, पण तो क्लब तुमचा होता तरी कधी?"

आम्ही हसलो. शेजारी हसले नाहीत. आणि खरे सांगावयाचे तर त्या रात्री मलाही तो प्रश्न सुटेना.

व्यवहारदृष्ट्या त्याचे उत्तर सोपे आहे. आमचे शेजारी त्या क्लबाचे सभासद नाहीत. त्यांनी भांडवल घातलेले नाही. संघनिवडीत त्यांना मत नाही. ते तिकीट काढतात, दोन तास बसतात, घसा बसेपर्यंत ओरडतात आणि परत येतात. नाटक पाहावयास गेलेला मनुष्य नाटक पडले तर पैसे वाया गेले म्हणून हळहळतो, परंतु 'आम्ही पडलो' असे म्हणत नाही. फुटबॉलचा प्रेक्षक मात्र 'हरलो' म्हणतो, आणि तेही इतक्या स्वाभाविकपणे की त्यातील क्रियापदाच्या पुरुषाकडे कोणाचे लक्षही जात नाही. गीतेने माणसाला कर्मावर अधिकार दिला आणि फळावर नाकारला. या बिचाऱ्याला तर कर्मावरही अधिकार नाही. सारे कर्म मैदानातले अकराजण करणार, आणि फळाचे सुखदुःख मात्र हा भोगणार. तत्त्वज्ञान्यांनी ज्याला आसक्ती म्हणून हेटाळले तिचा इतका शुद्ध नमुना दुसरीकडे क्वचितच सापडेल.

कोणी म्हणेल की हा केवळ भ्रम आहे, आणि भ्रमाच्या पोटी आलेल्या तक्रारीला उत्तर देण्याचे कारण नाही. मला हे पटत नाही. माणसाच्या आयुष्यातले बरेचसे 'आपण' असेच असतात. १९८३ साली आपण विश्वचषक जिंकला असे म्हणताना आपल्यापैकी कोणी बॅट धरली होती? हा 'आपण' काढून टाकला तर गाव, भाषा, जात, देश यांपैकी काय शिल्लक राहील हे सांगणे कठीण आहे. कदाचित काही अनिष्ट गोष्टीही जातील, पण त्यांच्याबरोबर बरेच चांगलेही जाईल. प्रश्न भ्रमाचा नव्हे, प्रश्न असा की अशा 'आपण'मधून काही हक्क निर्माण होतो काय? ज्याचे नाव कोठल्याही कागदावर नाही, त्याने क्लबाच्या दिशेबद्दल बोलावे काय?

येथे आधी त्या 'दिशा' शब्दाचीच झडती घेतली पाहिजे. कारण पराभवाचा राग पुष्कळदा दिशेच्या चिंतेचा पोशाख घालून येतो, आणि तो इतका बेमालूम बसतो की घालणाऱ्यालाही कळत नाही.

आमच्याच प्रांतातले उदाहरण घ्यावे. विदर्भाचा क्रिकेट संघ १९५७-५८ साली रणजी स्पर्धेत उतरला आणि पुढे साठ वर्षे तो बहुतेक इतरांच्या विजयाची सोय करीत राहिला. २०१७-१८ च्या हंगामात, म्हणजे २०१८ च्या जानेवारीत, इंदूरला दिल्लीचा पराभव करून त्याने ती स्पर्धा प्रथम जिंकली. संघाचे शिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे. संघातला सर्वांत अनुभवी फलंदाज वसीम जाफर, तोही मुंबईचा. त्या दिवशी नागपुरात कोणी म्हणाल्याचे मला आठवत नाही की हे परके लोक आहेत, हा विजय आपला नव्हे. अर्थात त्याच सामन्यात हॅट्ट्रिक करणारा रजनीश गुरबानी येथला होता, आणि विदर्भाने मधल्या काळात आपली मुले घडविण्याकडेही लक्ष दिले होते. म्हणून तुलना पुरती जुळत नाही हे मी मान्य करतो. तरी पण एक शंका उरतेच. आमच्या शेजाऱ्यांच्या क्लबाने परगावचे खेळाडू आणून चषक मिळविला असता तर सकाळच्या वर्गाची आठवण त्यांना इतकी तीव्रतेने झाली असती काय?

मी हे त्यांना विचारले. भीतभीतच विचारले, कारण मैत्री बावीस वर्षांची नसली तरी बारा-चौदा वर्षांची आहे. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी जे सांगितले ते मला अपेक्षित नव्हते. तीन वर्षांपूर्वी काही जुन्या प्रेक्षकांनी क्लबाकडे एक अर्ज दिला होता. गावातल्या पोरांवर अवलंबून राहून किती दिवस हरावयाचे, आता जिंकणारे खेळाडू आणा, असा त्याचा आशय होता. "सही माझीही होती," ते म्हणाले.

तेव्हापासून या प्रश्नाचे स्वरूप माझ्या दृष्टीने पालटले. मंडळाने जे केले ते प्रेक्षकांची मागणी म्हणूनच केले. दिशा बदलली ती ओरडणाऱ्यांनीच. आता त्या दिशेला शिव्या देणारेही तेच.

या प्रकारची एक मोठी आणि सर्वांच्या डोळ्यांसमोर घडलेली हकीकत मुंबईची आहे. मुंबई एफसी नावाचा क्लब २००७ साली स्थापन झाला आणि २००८-०९ च्या हंगामापासून आय-लीग या त्या वेळच्या देशातील पहिल्या श्रेणीच्या स्पर्धेत खेळू लागला. तो कधी विजेता झाला नाही, आणि बरीच वर्षे खालच्या श्रेणीतही गेला नाही. २००९ पासून सुमारे सात वर्षे त्याचे शिक्षक खालिद जमील होते. थोड्या पैशांत, थोड्या गोलांत आणि भक्कम बचावावर संघ वर्षानुवर्षे तगवून धरणे हेच त्यांचे काम होऊन बसले होते. असा खेळ पाहणाऱ्याची अवस्था मोठी विचित्र असते. आशा करावी असे काही नसते आणि सोडून द्यावे असेही काही घडत नाही. कूपरेजच्या बाकांवर बसून 'नुसते तगणे म्हणजे काय ध्येय झाले?' अशी कुरकुर करणे अगदी सोपे होते, आणि ती कुरकुर अन्यायाची होती असेही मी म्हणणार नाही. २०१६ साली जमील क्लबापासून वेगळे झाले. पुढच्याच हंगामात मुंबई एफसी शेवटच्या क्रमांकावर राहून खालच्या श्रेणीत गेला आणि मग मिटलाच. त्याच हंगामात जमील मिझोराममधल्या ऐजॉल या क्लबाचे शिक्षक होते, आणि ऐजॉलने राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. ईशान्येकडच्या कोणत्याही क्लबाला तोपर्यंत ते साधले नव्हते. २०२५ साली तर हेच जमील भारताच्या राष्ट्रीय संघाचे शिक्षक झाले.

या गोष्टीचे तात्पर्य काढण्याची घाई करू नये. जमील राहिले असते तर मुंबई तरला असता, असे कोण छातीठोकपणे सांगेल? कथेला आणखी एक पदर आहे. ऐजॉल हा क्लब आदल्याच वर्षी शेवटच्या जागांत राहून खाली गेलेला होता. तो परत वर आला तो स्वतःच्या पराक्रमाने नव्हे. गोव्याचे धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तीन क्लब २०१६ साली आय-लीगमधून बाहेर पडले, म्हणून जागा रिकाम्या झाल्या. धेंपोने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळविलेले! परंतु महासंघाने दुसऱ्याच स्पर्धेला अग्रस्थान देण्याची योजना पुढे मांडली आणि या जुन्या घराण्यांना दुय्यम पंक्तीत बसण्याची पाळी येणार असे दिसू लागले; तेव्हा त्यांनी पानावरून उठणे पसंत केले. म्हणजे मालकालाही वर मालक असतो, आणि त्याचीही तक्रार हीच, की दिशा कोणी ठरविली आणि आम्हांला कोणी विचारले? पणजी-मडगावच्या पोरांचे रविवार त्यामुळे ओस पडले. आणि त्यातूनच दूर मिझोरामच्या डोंगरात एक उत्सव झाला. दिशेचा निवाडा निकालावरून करणे हे किती बेभरवशाचे आहे, हे यावरून दिसते. निकाल उद्याही बदलेल. म्हणून प्रेक्षकाच्या तक्रारीला काही नैतिक किंमत द्यावयाची असेल तर तिचा पाया निकालाखेरीज अन्य कशावर तरी असला पाहिजे.

तो पाया कोणता, हे शोधताना मला आपल्याकडचा 'वहिवाट' हा शब्द आठवतो. शेतातून जाणारी पायवाट कोणाच्या सातबाऱ्यात आहे याची चौकशी न करता माणसे पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावरून जातात; आणि एखाद्या दिवशी मालकाने तेथे काटेरी कुंपण घातले की सारा गाव खवळतो. मालकी त्याची असेल, वाट आमची आहे, असे गाव म्हणतो. प्रेक्षकाचा हक्क असाच वहिवाटीचा आहे, असे म्हणावयाचा मोह होतो. परंतु एका वकील मित्राने माझा हा मोह तत्काळ मोडून काढला. ते म्हणाले, बारा वर्षांचा कब्जा मालकाविरुद्ध उभा राहतो खरा, पण तो मालकाच्या मर्जीविरुद्ध असावा लागतो. परवानगीने घेतलेला उपभोग शंभर वर्षे चालला तरी त्याचा हक्क होत नाही. आणि तुमचा प्रेक्षक तर दर रविवारी परवानगी विकत घेतो. तिकीट म्हणजे दुसरे काय?

युक्तिवाद बिनतोड आहे. परंतु कायद्याने एकदा याहून निराळाही विचार केलेला आहे. मुंबई इलाख्यासाठी १९४८ साली आणि आमच्या विदर्भासाठी १९५८ साली जो कूळकायदा झाला, त्याच्या मुळाशी कब्जा नव्हता, श्रम होता. कूळही मालकाच्या परवानगीनेच जमिनीवर होते. खंड भरीत होते. तरी कसणाऱ्याच्या घामाने जमिनीला जमीनपण येते आणि केवळ कागदाने येत नाही, असे मानून कायद्याने कुळाला उभे केले. आता प्रश्न असा, की प्रेक्षक हा क्लबाचे कूळ आहे, की केवळ गिऱ्हाईक?

गिऱ्हाईक आहे असे म्हणणाऱ्यांची बाजू मी हलकी मानीत नाही. कूळ पोटासाठी राबते. प्रेक्षक करमणुकीसाठी जातो. उपाशी कुळाची आणि घसा बसलेल्या प्रेक्षकाची बरोबरी करणे हा कुळाचा अपमान होईल. तरीही हे जे काही विकले आणि विकत घेतले जाते ते नेमके काय आहे, असा प्रश्न मी विचारतो. आणि त्याचे उत्तर पुण्यात सापडते.

पुण्यात पुणे एफसी नावाचा एक क्लब होता. २०१२-१३ साली तो आय-लीगमध्ये दुसरा आला होता. काही वर्षांतच त्याचा मोठा संघ बंद पडला. तोवर २०१४ साली नव्या, झगमगीत स्पर्धेत एफसी पुणे सिटी हा दुसरा क्लब आला होता. बालेवाडीच्या मैदानावर नारिंगी पोशाख घातलेले तरुण त्याच्यासाठी ढोल बडवीत. २०१७-१८ साली तो उपांत्य फेरीपर्यंत गेला. २०१९ साली तो आर्थिक अडचणींत संपला आणि स्पर्धेतली त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबाकडे गेली. हैदराबादने २०२२ साली ती स्पर्धा जिंकलीही. आणि २०२५ साली हैदराबादची ती जागाही दिल्लीला, नव्या नावाने, गेली. एकच खुर्ची सहा वर्षांत तीन शहरांत फिरली. खुर्ची गेली, करार गेले, खेळाडू पांगले. परंतु बालेवाडीचे ते ढोल मात्र हैदराबादला गेले नाहीत. ते कोणाला नेता आले नाहीत. ज्या वस्तूची किंमत लाखो-कोटींत सांगितली जात होती तिच्यातला सर्वांत जिवंत भाग विक्रीच्या कागदात कोठेच नव्हता, म्हणून तो पुण्यातच पडून राहिला आणि हळूहळू मुका झाला. मुंबईच्या महिंद्र युनायटेडचेही असेच. २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता क्लब कंपनीने २०१० साली बंद केला, आणि त्याच्या आठवणी सांगणारी माणसे तेवढी उरली. मालकाला जे बंद करता येते ते त्याचे, हे मान्य. परंतु बंद केल्यावर जे मागे उरते ते कोणाचे?

माझ्या मते तेथेच वहिवाटीची जागा आहे, आणि ती फार मोठी नाही. आमच्या बुटीबोरीचाच दाखला देतो. कापसा-तुरीच्या ज्या शेतांवर आज कारखान्यांची वसाहत उभी आहे, तेथल्या काही जागांना जुनी माणसे अजून शेताच्या नावानेच ओळखतात. जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला मिळाला. बांधावर गुरे चारणाऱ्याला काही मिळत नाही, आणि मिळावे असा कायदाही नाही. वसाहत झाली नसती तर बरे झाले असते, असे मी मुळीच म्हणणार नाही. माझी स्वतःची भाकरी तिच्यावर आहे. पण त्या गुराख्याला एवढे तरी कोणी आधी सांगावयास हवे होते, की उद्यापासून ही वाट बंद. प्रेक्षकाचाही हक्क एवढाच. विजयावर त्याचा हक्क नाही, संघनिवडीवर नाही. आपण कोठे चाललो आहोत हे त्याला खरे सांगितले जावे, आणि विकण्याजोगे जे नाही ते, म्हणजे नाव, मैदान, सकाळची पोरे, विकलेल्या वस्तूंच्या यादीत घातले जाऊ नये, एवढेच तो मागू शकतो. जर्मनीत १९९८ पासून असा नियम आहे की भांडवल कोणाचेही असो, क्लबाच्या मतांतील बहुमत सभासदांकडेच राहिले पाहिजे. त्याला फार थोडे अपवाद आहेत. आपल्याकडे त्याच्या जवळपास जाणारी वस्तू म्हणजे कोल्हापूरच्या तालमी. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावे मुळात पेठांची आणि आखाड्यांची. शाहू स्टेडियमवर खेळणारा संघ पेठेतून उचलून दुसऱ्या शहरात नेण्याची कल्पनाच तेथे हास्यास्पद वाटेल. अर्थात पेठेच्या अभिमानाची दुसरी बाजू कोल्हापूरकरांना सांगावयास नको; सामन्यापायी हाणामाऱ्या तेथे पुष्कळ झाल्या आहेत. मालकीहक्क मिळाला म्हणजे शहाणपण येते असे थोडेच आहे?

हक्क असला तर कर्तव्यही असावे. दिशा चुकलेल्या क्लबाशी प्रेक्षकाने कसे वागावे? आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की संस्था बिघडू लागली म्हणजे माणसापुढे दोन मार्ग असतात: सोडून जाणे किंवा तक्रार करणे, आणि निष्ठा ही त्या दोहोंमध्ये उभी राहून जाणाऱ्याचा पाय अडविते व त्याला बोलावयास लावते. साबण वाईट निघाला तर आपण दुसरा घेतो. क्लब मात्र बदलता येत नाही. निदान आमच्या शेजाऱ्यांना येत नाही. ही गोष्ट मालकांनाही ठाऊक असते, आणि म्हणूनच निष्ठावंतांची निष्ठा हे त्यांचे बिनव्याजी भांडवल होऊन बसते. कितीही वाईट केले तरी हे लोक रविवारी येणारच, असा त्यांचा हिशेब असतो, आणि तो सहसा चुकत नाही.

एकदा मात्र तो सपशेल चुकला. लंडनमधल्या विम्बल्डन क्लबाला तेथून सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्स या नव्या शहरात हलविण्यास २००२ साली परवानगी मिळाली. प्रेक्षकांनी मोर्चे काढले, बहिष्कार घातला. उपयोग झाला नाही. तेव्हा त्यांनी त्याच वर्षी आपला नवा क्लब काढला. खेळाडूंची निवड सार्वजनिक माळरानावर केली आणि इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या अगदी खालच्या पायरीवरून आरंभ केला. २०११ साली तो व्यावसायिक लीगमध्ये पोचला आणि २०२० साली जुन्या गल्लीतल्या नव्या मैदानावर परतला. जुन्या क्लबाने १९८८ साली जिंकलेल्या चषकाची प्रतिकृती आणि इतर स्मृतिचिन्हे मिल्टन कीन्सवाल्यांनी २००७ साली विम्बल्डनच्या नगरसंस्थेकडे सुपूर्द केली. याला सोडून जाणे म्हणावे की राहणे म्हणावे? ही माणसे क्लब सोडून गेली, आणि जाताना क्लब बरोबर घेऊन गेली.

हे मी शेजाऱ्यांना मोठ्या उत्साहाने सांगितले. ते म्हणाले, "विलायतेत शक्य आहे. येथे मैदान कोण देतो?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण नागपुरातच हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन फुटबॉल सुरू केला, आणि त्यातून 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली; २०२२ साली 'झुंड' हा चित्रपट त्याच कथेवर निघाला. पावसात एक बादली लाथाडणारी पोरे पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. बादलीपासून आरंभ होऊ शकतो तर मैदानाची अडचण शेवटची म्हणता यावयाची नाही. हे मी शेजाऱ्यांना बोलून दाखविले नाही. आपण ओट्यावर बसून दुसऱ्याला पराक्रम सुचविणे फार सोपे असते, आणि मी स्वतः जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही.

भाद्रपदात त्यांनी दोन रविवार जाणे टाळले. पहिल्या रविवारी त्यांनी घरातली कपाटे आवरली. दुसऱ्या रविवारी दिवसभर ते इतके चिडखोर वागले की तिसऱ्या रविवारी त्यांच्या पत्नीनेच डबा भरून हातात दिला आणि "जाऊन या एकदाचे" असे म्हटले. संध्याकाळी ते परतले तेव्हा आम्ही सर्वजण ओट्यावरच होतो. परगावच्या खेळाडूंनी त्या दिवशी तीन गोल केले आणि एकही खाल्ला नाही, असे माझ्या मुलाला आधीच कळले होते. म्हणून आम्ही पेढे आणून ठेवले होते.

"काय झाले?" त्यांच्या पत्नीने मुद्दामच विचारले.

"जिंकले," ते म्हणाले, आणि चपला काढून नळावर पाय धुवावयास गेले.

पेढा त्यांनी घेतला, अर्धा मुलाला दिला. सामन्याविषयी फारसे बोलले नाहीत. उठताना मी विचारले, आता पुढल्या रविवारी तरी जाणार ना?

"जाईन की. सकाळच्या पहिल्या बसने जाईन म्हणतो. मैदानाच्या मागे ती पोरे अजून जमतात म्हणे. त्यांना शिकवावयास कोणी नसते, नुसती खेळतात. एक चेंडू घेऊन जावा लागेल."

"सामना किती वाजता आहे?" त्यांच्या पत्नीने विचारले.

"सामना दुपारी आहे," ते म्हणाले. "त्याचे मग पाहू."